उन्हाळ्यातील बांधकाम आणि उष्माघातापासून बचाव : नव्या सुपरवायझरसाठी मार्गदर्शन

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अकोला या पट्ट्यात एप्रिलच्या मध्यापासून पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि मे महिन्यात ४५ अंश ओलांडणे ही तिथे नवलाईची गोष्ट राहत नाही. नेमक्या याच दिवसांत, पाऊस लागण्याच्या आत स्लॅब उरकून घेण्याची घाई प्रत्येक साइटवर असते, म्हणजे वर्षातले सर्वांत जड काम वर्षातल्या सर्वांत वाईट उन्हात पडते. अशा साइटची जबाबदारी ज्याच्यावर प्रथमच आली आहे, मग तो नुकताच रुजू झालेला कनिष्ठ अभियंता असो वा गवंडीकाम सोडून मुकादम झालेला माणूस, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. बहुतेक ठिकाणी उन्हाची काळजी म्हणजे थंड पाण्याचा जार आणि दुपारचे लिंबू सरबत, एवढाच अर्थ घेतला जातो. पाणी हवेच, परंतु कामगार वाचतो की दगावतो हे पाण्यापेक्षाही कामाचे वेळापत्रक आणि हजेरीपट यांवर अधिक ठरते, आणि हे दोन्ही कागद सुपरवायझरच्या हातात असतात.

शरीर का तापते

उन्हात सावकाश चालणारा माणूस आणि डोक्यावर काँक्रीटचे घमेले घेऊन शिडी चढणारा माणूस यांच्यावर पडणारे ऊन सारखेच असले, तरी दुसऱ्याच्या शरीरात आतूनही उष्णता निर्माण होत असते, कारण स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला बराच मोठा भाग कामात न लागता उष्णताच बनतो. ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि तोही नुसता येऊन उपयोगाचा नाही, तो त्वचेवरून सुकला पाहिजे. बाहेरची हवा त्वचेपेक्षा गरम असली की वारादेखील शरीराला उष्णता देऊ लागतो आणि सगळा भार घामावर येतो. शरीराचे आतले तापमान साधारण ३७ अंश असते. ते ४० अंशांच्या वर गेले आणि मेंदूचे कार्य बिघडले की त्या अवस्थेला उष्माघात म्हणतात.

हवामान खाते जो आकडा जाहीर करते, तो पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेला असतो. उघड्या स्लॅबवर, सळयांच्या जाळीवर उकिडवे बसलेल्या फिटरला, म्हणजे सळया बांधणाऱ्याला, वरून ऊन, खालून तापलेली सेंटरिंग (काँक्रीट पेलणारा तात्पुरता साचा) आणि हातात पोळणारे लोखंड अशा तिन्ही बाजूंनी उष्णता मिळते. त्यामुळे मोबाइलवर दिसणारा ४३ हा आकडा त्याच्या वाट्याला आलेल्या उष्णतेपेक्षा कमीच समजावा. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर असून तो सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक वर गेला, किंवा सरासरीचा विचार न करता थेट ४५ अंशांवर पोहोचला, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते आणि पिवळा, नारिंगी, लाल असा इशारा देते. हा इशारा रोज संध्याकाळी पाहून दुसऱ्या दिवशीचे काम लावावे. सकाळी पाहून उपयोग नाही, कारण तोवर माणसे आलेली असतात आणि काँक्रीटची गाडी निघालेली असते.

कोकणात किंवा मुंबई परिसरात काम करणाऱ्यांनी आकडा कमी दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ३५-३६ अंशांतले जड कामही विदर्भातल्या कोरड्या ४४ अंशांच्या फारसे मागे राहत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले, तेव्हा त्या भागातला पारा ३८ अंशांच्या आसपास होता आणि ती माणसे कोणतेही काम करत नव्हती.

पहिली पायरी : मार्चमध्येच करायची तयारी

सावलीसाठी हिरव्या जाळीचा एक पदर बांधून मोकळे होण्याची पद्धत आहे. तिच्यातून ऊन गाळून येते, एवढाच तिचा फायदा. काळी ताडपत्री बुटकी बांधली, तर ती स्वतःच तापून खालच्या माणसाला भाजते. मांडव उंच असावा, बाजू मोकळ्या असाव्यात आणि वर पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडे), तुराट्या (तुरीच्या काड्या) किंवा बांबूच्या तट्ट्या टाकाव्यात. विदर्भाच्या कोरड्या हवेत त्यांवर दिवसातून दोनदा पाणी मारले की खालच्या हवेत जाणवण्याइतका फरक पडतो. एखादा मोठा कूलर मिळाला तर उत्तमच, फक्त दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. मांडव कामाच्या जागेपासून दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर असला पाहिजे. गेटजवळ ऑफिसच्या शेजारी बांधलेला मांडव पाहुण्यांना दाखवायला बरा, पण चौथ्या मजल्यावरचा बिगारी दहा मिनिटांच्या सुटीत तिथे येऊन परत जाणार नाही.

शौचालयाचा विषय अनेक सुपरवायझरांना उष्णतेशी संबंधित वाटत नाही. प्रत्यक्षात साइटवर काम करणाऱ्या रेजा, म्हणजे स्त्री-मजूर, दिवसभर पाणी टाळतात, याचे पहिले कारण आडोसा नसणे हेच असते. दार लागणारे, पाणी असलेले आणि पुरुषांच्या वाटेपासून दूर असे स्वच्छतागृह नसेल, तर त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगणे व्यर्थ आहे. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि प्रथमोपचार ही मालकाची जबाबदारी असल्याचे बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातच म्हटले होते. तेव्हा ठेकेदाराकडे ही मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट बर्फ. जवळच्या बर्फाच्या कारखान्यातून रोज सकाळी एक लादी आणून ती थर्माकोलच्या पेटीत, गोणपाटात गुंडाळून ठेवावी. तिच्याबरोबर एक स्वच्छ जाड ताडपत्री आणि शंभर-दीडशे लिटर पाण्याचा भरलेला पिंप सावलीत राखून ठेवावा, आणि या पिंपातले पाणी माल कालवायला कोणीही घेणार नाही, असा दंडक घालावा. याचे कारण पुढे येईल.

शेवटी, ऑफिसच्या दारावर एका फळ्यावर ठळक मराठीत आणि हिंदीत साइटचा पूर्ण पत्ता, ओळखीची खूण, कोणत्या गेटने आत यायचे ते, रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहावे. उन्हाळ्यात विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत उष्माघाताच्या रुग्णांसाठी वेगळा थंड कक्ष उघडतात. आपल्या जवळ तो कुठे आहे, हे आधीच चौकशी करून ठेवावे. घाबरलेल्या माणसाला १०८ वर बोलताना रोजच्या येण्या-जाण्याचा पत्ताही सांगता येत नाही, हा अनुभव कोणत्याही जुन्या मुकादमाला विचारावा.

दुसरी पायरी : नव्या माणसाला चढत्या क्रमाने काम

हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित भाग आहे. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या नोंदींनुसार उघड्यावरच्या कामांत उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. उन्हाची सवय ही नुसती मनाची तयारी नसते. सलग एक ते दोन आठवडे उन्हात काम केल्यावर माणसाला घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण उतरतो. हे बदल झाल्याशिवाय, कितीही धट्टाकट्टा तरुण असला तरी, तो उन्हापुढे नवखाच असतो.

म्हणून पहिल्यांदाच उन्हातल्या जड कामावर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या सुमारे २० टक्के वेळच उन्हातले काम द्यावे आणि पुढे रोज २० टक्के वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण कामावर आणावे. जो अनुभवी आहे, पण गावी जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतला आहे, त्याला पहिल्या दिवशी ५०, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे. लग्नसराईत बालाघाट किंवा छत्तीसगडकडे गेलेली मंडळी मे महिन्यात परततात तेव्हा सुपरवायझर त्यांना जुनीजाणती समजून थेट स्लॅबवर चढवतो. आठवडाभराच्या खंडातही उन्हाची सवय उतरू लागते, हे त्याला ठाऊक नसते.

प्रत्यक्षात यासाठी हजेरीपटात नावापुढे एक रकाना वाढवावा आणि त्यात ‘उन्हातला कितवा दिवस’ हा आकडा रोज लिहावा. पाच दिवसांपर्यंतच्या माणसाच्या हेल्मेटला रंगीत पट्टी चिकटवली की दुरूनही ओळख पटते. उरलेल्या वेळात त्याला सावलीतले काम द्यावे : विटा भिजवणे, तळमजल्यावरची झाडलोट, तार कापणे, साहित्य मोजणे.

इथे पैशाचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. अर्धे काम म्हणून अर्धी मजुरी दिली, तर ठिय्यावरून, म्हणजे रोजचे मजूर जमतात त्या नाक्यावरून, आलेला कोणताही मजूर आपण नवे आहोत हे सांगणार नाही आणि वरील सगळी व्यवस्था कागदावर राहील. पहिल्या पाच दिवसांची पूर्ण रोजी द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. उक्ते, म्हणजे रोजीवर नव्हे तर ठरावीक रकमेवर, काम घेतलेल्या टोळ्यांबाबत हा धोका आणखी मोठा असतो, कारण तिथे विश्रांतीचे प्रत्येक मिनिट मजूर स्वतःच्या खिशातून भरतो. अशा टोळीच्या मुकादमाशी एप्रिल-मेसाठी दर ठरवतानाच विश्रांतीचा वेळ त्यात धरावा आणि तो लेखी असावा.

तिसरी पायरी : वेळापत्रक

दुपारी १२ ते ४ उघड्यावरचे काम बंद ठेवावे, हे सर्वांना माहीत आहे. त्यापुढचे मात्र लक्षात घेतले जात नाही. सूर्य माथ्यावर बाराच्या सुमारास येतो, पण हवेचे तापमान दुपारी तीन-चारच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि दिवसभर तापलेले काँक्रीट व लोखंड संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. त्यामुळे ‘सकाळी पाच तास, संध्याकाळी पाच तास’ ही वाटणी बरोबरीची दिसत असली तरी बरोबरीची नसते. जड काम, म्हणजे खोदाई, माल वाहणे आणि सळया वाकवणे, सकाळी ६ ते १० मध्ये बसवावे. त्यानंतर अकरापर्यंत हलकी किंवा सावलीतली कामे घ्यावीत आणि संध्याकाळच्या पाळीत पाणी मारणे, साफसफाई, आतला गिलावा अशी कामे ठेवावीत.

स्लॅब रात्री किंवा पहाटे ओतण्याचा प्रस्ताव ठेकेदारापुढे मांडताना माणसांइतकाच काँक्रीटचाही दाखला द्यावा, कारण तो त्याला लवकर पटतो. ४० अंशांवरच्या हवेत काँक्रीट ओतण्यासाठी भारतीय मानकांत वेगळी संहिता आहे, आणि भर दुपारी ओतलेल्या स्लॅबचे पाणी झपाट्याने उडून त्याला तडे जातात, हे तो स्वतः पाहत आलेला असतो. मात्र रात्रपाळी केलेल्या माणसांना दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपायला लावले, तर एक धोका टाळून दुसरा ओढवून घेतला जातो. पत्र्याच्या खोल्या रात्रीही तापलेल्या राहतात, झोप होत नाही आणि आदल्या दिवसाची उष्णता शरीरात घेऊनच माणूस पहाटे कामावर येतो. तयार झालेल्या इमारतीचा तळमजला झोपण्यासाठी मोकळा करून देणे आणि पत्र्यांवर गवत किंवा तट्ट्या टाकून पाणी मारणे, यांचा खर्च किरकोळ आहे.

विश्रांती ‘दमलात तर बसा’ अशी न ठेवता घड्याळाने द्यावी, कारण सर्वांसमोर पहिला बसणारा होण्याची कोणाचीच तयारी नसते. पारा ४० च्या आत असताना दर तासाला दहा मिनिटे, त्यापुढे पंधरा आणि ४३ च्या वर उघड्यावरचे जड काम असेल तर निम्मा तास काम, निम्मा तास सावली, असा ढोबळ नियम नव्या सुपरवायझरने धरून चालावे. ज्या मोठ्या साइटवर ऊन, दमटपणा आणि वारा यांचा एकत्रित विचार करणारे काळ्या गोळ्याचे उपकरण असते, तिथे त्याच्या निर्देशांकावर चालणे अधिक चांगले. सवय झालेल्या माणसाच्या जड कामासाठी तो आकडा ३० च्या आसपास गेला की तासातला बहुतेक वेळ विश्रांतीचाच धरावा लागतो.

चौथी पायरी : पाणी आणि मीठ

उन्हातल्या जड कामात एका माणसाला तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते. ते एकदम न पिता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे पाव लिटर, असे प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. चाळीस माणसे आठ तास काम करणार असतील, तर ३२० लिटर, म्हणजे वीस लिटरचे सोळा जार नुसते पिण्यासाठी लागतात. पुष्कळ साइटवर चार जार येतात आणि दुपारपर्यंत टँकरचे कोमट पाणी सुरू होते. जार तळमजल्यावर ठेवू नयेत. ज्या मजल्यावर काम आहे त्या मजल्यावर, सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि पाणी फिरवण्यासाठी एका माणसाची पाळी लावावी. हा माणूस कामचुकार ठरत नाही. टोळीचे पाणी ही त्याची त्या दिवसाची नेमणूक असते. दुसऱ्या टोकाला, तासाला दीड लिटरहून अधिक साधे पाणी पिऊ नये, कारण त्याने रक्तातले मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

भाकरी, पिठले, लोणचे, चटणी असे वेळेवर जेवणाऱ्याला बहुधा पुरेसे मीठ मिळते. सलग काही तास घाम गळत असेल तर ताक, पन्हे, मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत किंवा ओआरएस द्यावे. ओआरएसचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. अर्धे पाकीट पेल्यात टाकून पिण्याची पद्धत चुकीची आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा चमचा हे प्रमाण ठेवावे, चमचा चहाचा. मिठाच्या गोळ्या देऊ नयेत. आदल्या रात्री दारू घेतलेला, जुलाब किंवा ताप असलेला, तसेच रक्तदाबाच्या वा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारा माणूस उन्हाला लवकर बळी पडतो. सकाळच्या हजेरीच्या वेळी हे प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारावे, सर्वांसमोर विचारल्यास खरे उत्तर मिळत नाही. खिशात कांदा ठेवणाऱ्याला तो ठेवू द्यावा, त्याने नुकसान नाही. फक्त कांद्याच्या भरवशावर पाणी आणि विश्रांती यांत कपात होऊ देऊ नये.

पाचवी पायरी : कपडे आणि साधने

सैल, पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे सुती कपडे आणि मानेवर ओला दुपट्टा, एवढे पुरते. चमकणारे जॅकेट जाळीचे घ्यावे, प्लॅस्टिकचे नको. ऊन आहे म्हणून हेल्मेट उतरवायची परवानगी देऊ नये. त्याच्या आत ओले फडके ठेवता येते. सळयांचा ढीग रात्रीच झाकून ठेवावा.

सहावी पायरी : लक्षणे ओळखणे

प्रत्येकाला एक जोडीदार नेमून द्यावा, कारण उन्हाने मेंदूवर परिणाम झालेल्या माणसाला आपले काही बिघडले आहे हे कळतच नाही. पोटरीत किंवा पोटात पेटके येणे, भोवळ येणे, डोके दुखणे, मळमळ, अतिशय थकवा आणि गार, चिकट त्वचा ही उष्णतेच्या थकव्याची चिन्हे आहेत. अशा माणसाला सावलीत आडवे करावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करून ओले करावेत, घोट घोट ओआरएस द्यावे आणि त्याला त्या दिवशी पुन्हा कामावर घेऊ नये. अर्ध्या तासात उतार पडला नाही, उलटी थांबली नाही, तर रुग्णालयात न्यावे.

वागण्यातला बदल हे मात्र सर्वांत गंभीर चिन्ह समजावे. असंबद्ध बोलणे, विनाकारण चिडणे, झोकांड्या जाणे, विचारलेले न कळणे, झटके येणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी एकही गोष्ट उन्हात काम करताना दिसली, तर तो उष्माघातच आहे असे धरून चालावे. झोकांड्या देणाऱ्याला ‘सकाळीच घेऊन आला आहे’ म्हणून भिंतीच्या कडेला बसवून ठेवणे ही साइटवर होणारी सर्वांत घातक चूक आहे. दारूची शंका असली तरी आधी अंग गार करावे, चौकशी नंतर करावी. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, असेही मानू नये, कारण कष्टाच्या कामातल्या उष्माघातात त्वचा घामाने भिजलेली असू शकते. काखेतल्या थर्मामीटरवरही विसंबू नये.

सातवी पायरी : उष्माघात झाल्यास

या प्रसंगी आधी अंग गार करायचे आणि मग वाहनात घालायचे, हा क्रम आहे. साइटवर नेमके उलट घडते : माणसाला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून भर उन्हातून पळवतात आणि मौल्यवान अर्धा तास त्यात जातो. मेंदू, यकृत आणि मूत्रपिंड यांची हानी शरीर किती वेळ तापलेले राहिले यावर अवलंबून असल्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरवणे हाच उपचार आहे.

एकाने फळ्यावरचा पत्ता वाचून १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने गेटवर उभे राहावे. त्याच वेळी रुग्णाला सावलीत आणून हेल्मेट, बूट आणि वरचे कपडे काढावेत. राखून ठेवलेली ताडपत्री पसरून त्याला तिच्यावर निजवावे, चार-पाच जणांनी कडा उचलून धराव्यात, म्हणजे खोलगट भाग तयार होतो, आणि त्यात पिंपातले पाणी व फोडलेला बर्फ ओतून पाणी सतत ढवळत राहावे. एकाने केवळ डोके धरून तोंड व नाक पाण्याबाहेर ठेवावे. बर्फ नसेल तर असेल ते पाणी संपूर्ण अंगावर अखंड ओतत राहावे आणि पुठ्ठ्याने किंवा पंख्याने जोराचा वारा घालावा. बर्फाचे तुकडे मान, काखा आणि जांघा यांत ठेवावेत. रुग्ण स्त्री असेल तर सोबतच्या बायकांनी ओढण्यांचा आडोसा धरावा आणि पातळ ओल्या कपड्यावरूनच पाणी ओतावे, पण या कारणाने उशीर होऊ देऊ नये.

शुद्ध नसलेल्या किंवा भ्रमात असलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. उलटी झाल्यास त्याला कुशीवर वळवावे. झटके येत असतील तर चप्पल हुंगवणे किंवा दातांत चमचा घालणे हे प्रकार टाळावेत. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही, कारण हा संसर्गाचा ताप नाही. माणूस नीट बोलू लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणे चालू ठेवावे आणि तो शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात पाठवावेच, कारण मूत्रपिंडाचे व यकृताचे बिघाड नंतर दिसतात. कोणत्या वेळी कोसळला आणि किती वेळ पाण्यात ठेवला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे.

डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पुन्हा कामावर घेऊ नये, आणि घेतल्यावर हजेरीपटातला ‘उन्हातला कितवा दिवस’ हा आकडा एकपासून सुरू करावा. त्याच दिवशी संध्याकाळी उरलेल्या टोळीला बोलावून तो नवा होता का, किती वाजता कोसळला, त्याच्या मजल्यावर पाणी होते का, विश्रांती खरोखर मिळाली होती का, हे विचारून वहीत नोंदवावे आणि दुसऱ्या दिवशीचे वेळापत्रक त्यानुसार बदलावे.

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपून जूनमध्ये वळवाच्या एक-दोन सरी आल्या की पारा चार-पाच अंशांनी उतरतो आणि बहुतेक साइटवर मांडव काढून दुपारचे काम सुरू होते. त्या दिवसांत हवेत दमटपणा वाढलेला असतो, घाम वाळत नाही आणि स्लॅबची घाई शिगेला पोहोचलेली असते. म्हणून पाऊस नीट लागून दुपारचा पारा ३५ च्या खाली स्थिर होईपर्यंत मांडव, बर्फाची पेटी आणि १२ ते ४ ची सुटी यांपैकी काहीही बंद करू नये.